आषाढातला किराणा

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस देण्याचे असतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणीची यादी फिरते, कंपन्यांच्या गाड्या निघतात, रोटरी-लायन्सपासून गल्लीतल्या मंडळापर्यंत सगळे फराळाचे पुडे आणि किराणा घेऊन एखादा पाडा, एखादी वस्ती गाठतात. हा ओघ मोलाचा आहे, तो आटू नये. तरी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे किंवा रायगडातल्या डोंगरकडेच्या वाड्यांकडे या दिवसांत गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. वर्षातला भुकेचा काळ तेव्हा नुकताच सरलेला असतो. हळवं भात कापून झालेलं असतं, नागली-वरई खळ्यावर यायला लागलेली असते. ज्याच्याकडे एकर-दीड एकर वरकस जमीन आहे त्याच्या घरात चार महिन्यांचं का होईना, धान्य असतं. कणगीचा तळ लागतो तो जेठ-आषाढात. आणि आषाढात त्या रस्त्याला शहरातली गाडी क्वचितच लागते.

गरीब कुटुंबांना किराणा पोचवण्याच्या कामाबद्दल लिहायचं तर सुरुवात या वेळापत्रकापासून करावी लागते. देणाऱ्याचं पंचांग वेगळं आणि खाणाऱ्याचं वेगळं. ज्या कामांनी खाणाऱ्याचं पंचांग पाहिलं ती टिकली, त्यांनी घरं सावरली. बाकीच्यांनी चार दिवस गोड केले.

आषाढात त्या घरांत काय चालतं ते नीट समजून घ्यावं. वीटभट्ट्या बंद असतात, रोजगार हमीची मातीकामं पावसाने थांबलेली असतात. आवणीची मजुरी मिळते, पण ती थोडे दिवस. स्वतःच्या तुकड्यात बियाणं घातलेलं असतं आणि त्यासाठीही कधी उसनवारी केलेली असते. मग जंगल कामाला येतं. शेवळं, टाकळा, भारंगी, खेकडे, नदीनाल्याचे मासे. आणि अगदीच ओढाताण झाली की कडूकंद. हा कंद तसाच खाल्ला तर घशाची आग होते, जिवालाही अपाय होतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेबरोबर उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, सकाळी पुन्हा धुवायच्या. तेव्हा कुठे त्या खाण्याजोग्या होतात. एका जेवणासाठी एक दिवस आणि एक रात्र खर्ची पडते. रानातल्या अन्नाचं ज्ञान ही या समाजांची मोठी पुंजी आहे, पण पाच माणसांचं घर तेवढ्यावर चालत नाही.

मीठ, तेल, मिरची, चहासाखर विकतच आणावी लागते. रोकड नसते. ती आषाढ-श्रावणात देणारा माणूस बहुतेक वेळा वीटभट्टीचा मालक असतो, नाहीतर त्याचा मुकादम. गणपतीच्या आसपास काही हजारांचा बयाणा हातावर पडतो आणि दिवाळीनंतर सगळं कुटुंब भिवंडी, वसई, कल्याण, पनवेलच्या भट्ट्यांवर जातं. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यातून किराणा येतो. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा बयाणा फिटलेला नसतो; बाकी पुढच्या सालावर चढते. वेठबिगारी मोडण्याचा कायदा 1976 सालचा आहे. तो मोडला जातो तो अशा दोन-चार किलो डाळीच्या आणि तेलाच्या उसनवारीतून. भट्टीवर गेलेल्या मुलांची शाळा सुटते, गरोदर बाईची तपासणी चुकते, गावातल्या रेशन दुकानावरचं धान्य पडून राहतं. म्हणून मला वाटतं, जेठ ते भाद्रपद या महिन्यांत वेळेवर पोचलेला किराणा हे फक्त पोट भरण्याचं साधन नसतं. घेतल्या जाणाऱ्या बयाण्याची रक्कम त्याने कमी होते. कुटुंबाला दिवाळीनंतर थांबायचं की जायचं हे ठरवायला थोडी जागा मिळते.

ही गोष्ट गावांना पूर्वीपासून ठाऊक आहे. धान्य बँक ही कल्पना त्यातूनच आली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ठरलेलं धान्य गावाच्या कोठीत जमा करायचं, पावसाळ्यात गरजेप्रमाणे उचलायचं, पुढच्या सुगीला थोडी वाढ घालून परत करायचं. सावकाराकडे हेच धान्य दिढीने, कधी दुपटीने फेडावं लागतं. गावकोठीत सवाईने किंवा त्याहून कमी वाढीने भागतं, आणि ती वाढही गावाच्याच कोठीत राहते. केंद्र सरकारने 1996-97 मध्ये अकरा राज्यांत ग्राम धान्य बँकेची योजना आणली. 2004 मध्ये ती अन्न विभागाकडे गेली. एका कुटुंबाला एक क्विंटलपर्यंत धान्य उसनं मिळावं असा तिचा बेत होता.

अशा कोठ्या कुठे चालल्या आणि कुठे बसल्या, याची कारणं गावातली माणसं सरळ सांगतात. किल्ली बचत गटाच्या बायकांकडे असेल, माप सगळ्यांसमोर होत असेल, कुणाच्या घरी किती गेलं ते फळ्यावर लिहिलेलं असेल, तर कोठी चालते. धान्य नुसतं वरून आलं, आपलं कुणीच घातलं नाही, तर ते परत करावं असं कुणाला वाटत नाही. दुसऱ्या वर्षी कोठीत उंदीर उरतात. सलग दोन वर्षं पीक गेलं तर चांगली कोठीही मोडते, कारण परत करायला कुणाकडेच काही नसतं. नेमकी तेव्हाच बाहेरच्या भागीदाराची गरज असते. शहरातल्या एखाद्या गटाने, कंपनीने, मंडळाने त्या वर्षी कोठीची तूट भरून द्यावी आणि पुढच्या वर्षी बाजूला व्हावं. सोळा वस्तूंच्या पिशव्या पाड्यावर नेऊन वाटण्यापेक्षा हे काम अवघड आहे. त्यात फोटो काढण्यासारखं फारसं काही नसतं. पण एका मोडलेल्या कोठीला दिलेलं दहा क्विंटल धान्य पुढची काही वर्षं फिरत राहतं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं उभी केली तेव्हा गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करण्याची रीत होती. भाकरीचं पीठ मळायच्या आधी बाईने एक मूठ बाजूला काढून ठेवायची. देणारी घरं स्वतः काही सधन नव्हती. गरिबांनी गरिबांच्या मुलांसाठी दिलेल्या त्या धान्यावर शिकलेली माणसं पुढे या राज्यात शिक्षक झाली, अधिकारी झाली. 1982 च्या गिरणी संपातही गिरणगावातल्या अनेक चुली गावाकडून आलेल्या तांदूळ-नाचणीवर पेटत्या राहिल्या. अन्नधान्याची भागीदारी ही आपल्याकडे नात्याची आणि चळवळीची गोष्ट होती. ती दात्याची आणि लाभार्थ्याची झाली ते बरंच अलीकडे.

सरकारलाही आषाढ ठाऊक आहे. आदिवासी विकास विभागाची खावटी योजना त्यासाठीच होती. पूर्वी ती कर्ज म्हणून मिळे. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात तिचं अनुदान झालं: कुटुंबाला 4,000 रुपये, त्यातले 2,000 खात्यावर आणि 2,000 चा किराणा. साडेअकरा लाखांच्या आसपास कुटुंबांसाठी ही तरतूद होती. यादी विचारपूर्वक केलेली होती, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, तूरडाळ, उडीदडाळ, शेंगदाणा तेल, मीठ, साखर, मिरची, मसाला, चहा. तांदूळ-गहू रेशनवर मिळतात, म्हणून ते वगळून रेशनवर न मिळणाऱ्या वस्तू दिल्या. पण निर्णय सप्टेंबर 2020 चा आणि किराणा पुष्कळ घरांत पोचला 2021 मध्ये. ज्या पावसाळ्यासाठी तो होता तो पावसाळा केव्हाच उलटून गेला होता.

दुसरा मोठा आधार रेशनचा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित 35 किलो. आधी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, 2023 पासून तो मोफत आहे. या धान्याने या देशात किती घरं वाचवली आहेत, हे टाळेबंदीत ज्याने वस्त्यांत काम केलं त्याला वेगळं सांगायला नको. तरीही हिशेब मांडून बघा. माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या दोन भाकरींचं पीठ. त्यात डाळ नाही, तेल नाही. किराण्याच्या भागीदारीला खरी जागा आहे ती इथे. रेशनच्या पिशवीत जे नसतं ते आपल्या पिशवीत असावं. अजूनही अनेक ठिकाणी वाटपाच्या किटमध्ये दहा किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ असते. ज्या घरात रेशनचा तांदूळ आहे तिथे आणखी तांदूळ नेऊन काय साधतं?

आणि ज्या घरात रेशन येतच नाही? ते घर शोधणं हे किट बांधण्याहून मोठं काम आहे. महाराष्ट्रात प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. शहरातली धुणीभांडी करणारी बाई आणि बिगारी काम करणारा तिचा नवरा मिळून महिन्याला पाच हजारांच्या वर गेले की कागदावर ते गरीब उरत नाहीत. शिवाय राज्याचा इष्टांक, म्हणजे स्वस्त धान्यासाठी ठरलेली माणसांची कमाल संख्या, सुमारे सात कोटींचा, आणि तो 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. त्यानंतर जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना, शहरात आलेली कुटुंबं यांना त्याच मापात बसवायचं असतं. तहसील कचेरीच्या खिडकीवर ऐकू येणारी भाषा ठरलेली आहे: इष्टांक संपला, कार्ड केशरी आहे पण धान्याला नाही, नाव ऑनलाइन दिसत नाही, आधार जोडलेलं नाही, अंगठा लागत नाही. बांधकामावर सिमेंट कालवणाऱ्या किंवा भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र तिला ओळखत नाही. डोंगरी गावांत रेंज मिळावी म्हणून दुकानदार यंत्र घेऊन टेकडीवर जाऊन बसतो, आणि म्हातारी माणसं अंगठा द्यायला ती टेकडी चढतात.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2003 च्या आदेशात आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदयाची कार्डं द्यायला सांगितलं. वीस वर्षं उलटली तरी कातकरी वाड्यांवर कार्ड नसलेली, किंवा सासऱ्याच्याच कार्डात अडकलेली घरं सापडतात. कारण साधं आहे. वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर असणाऱ्या माणसाने जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार हे सगळं केव्हा जमवायचं? रायगडात सर्वहारा जन आंदोलन, ठाणे-पालघरमध्ये श्रमजीवी संघटना आणि कष्टकरी संघटना, मुंबईत रेशनिंग कृती समिती, राज्यभर अन्न अधिकार अभियान यांनी हे कागद जमवण्याचं, कचेऱ्यांसमोर बसण्याचं, दुकानांवर नजर ठेवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. त्यांच्या कामाला किराणा वाटप कुणी म्हणत नाही. परिणामाने पाहिलं तर एक नवं अंत्योदय कार्ड म्हणजे दरमहा 35 किलो, आणि तेही हक्काचं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा किराणा वाटणं आणि कार्ड मिळवून देणं ही दोन कामं एकमेकांना भेटली. कार्ड गावाला आणि माणूस शहरात, अशी लाखो माणसं मुंबई, ठाणे, पुण्यात अडकली. 8 मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचं छायाचित्र देशाने पाहिलं. त्यानंतर आठवडाभराने केंद्राने कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिने माणशी 5 किलो धान्य आणि कुटुंबाला किलोभर हरभरा जाहीर केला. पुढे 29 जून 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांना कोरडा शिधा द्यावा आणि एक देश एक रेशनकार्ड ही व्यवस्था सगळ्या राज्यांत लागू करावी, असं बजावलं.

दरम्यानचे दिवस निभावले ते शेजाऱ्यांनी. गुरुद्वारे, मशिदी, गणेश मंडळं, कामगार संघटना, महाविद्यालयांची मुलं, किराणा दुकानदार. त्या वेळी शाळांच्या वर्गांत बांधली जाणारी किटं ज्याने पाहिली त्याला काही गोष्टी कायमच्या कळल्या. गिरण्या बंद असतील तर गहू देऊन उपयोग नाही, पीठ द्यायला हवं. तेलाची पिशवी साखरेवर ठेवली आणि फुटली तर दोन्ही वाया जातात. ती कडेला, साबणाबरोबर, वेगळ्या पिशवीत घालायची. साबण आणि पिठाचा वास एक होऊ द्यायचा नाही. सॅनिटरी पॅडची आठवण किट ठरवणाऱ्यांत कुणी बाई असेल तरच होते. आणि यादीत काय असावं हे वस्तीतल्या बायकांना विचारलं की त्या पहिल्यांदा तिखट-मिठाचं, मग रॉकेल-गॅसचं बोलतात, कारण शिजवायला जळण नसेल तर डाळ कच्चीच राहणार. अंगणवाडीतल्या मुलांचा आणि गरोदर-स्तनदा मातांचा आहारही त्या काळात कोरडा शिधा होऊन घरी पोचवला गेला. सेविकांनी तो घरोघर नेला, उन्हात, तोंडाला रुमाल बांधून. त्या भागीदारीत सगळ्यात कमी मानधन त्यांचंच होतं.

त्या दिवसांतली एक पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. काही गटांनी सामान घाऊक बाजारातून आणण्याऐवजी वस्तीतल्याच किराणा दुकानदाराशी ठरवून कुटुंबांना चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी घेऊन बाईने दुकानात जायचं आणि ठरलेल्या रकमेत हवं ते घ्यायचं. कुणी बाळासाठी दूध पावडर घेतली, कुणी सासूच्या दाताला जमेल म्हणून रवा. दुकानदाराचा धंदा राहिला, त्याच्या वहीतली जुनी उधारी वाढली नाही, आणि रांगेत उभं राहून हात पसरायची वेळ कुणावर आली नाही. रकमेवर आणि दुकानदाराच्या भावावर लक्ष ठेवायला वस्तीतल्याच दोन बायका लागतात. तेवढं केलं की ही रीत आजही चालते, आणि तिला गोदाम लागत नाही.

अर्थात प्रत्येक ठिकाणी पैसे दिले म्हणजे भागलं असं नाही. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचं धान्य थांबवून 2023 पासून खात्यावर माणशी दरमहा 150 रुपये देणं सुरू झालं, नंतर ते 170 झाले. 150 रुपयांत खुल्या बाजारात पाच किलो चांगला गहू येत नाही. ज्या गावात बँक लांब आहे तिथे ते पैसे काढायला जाण्यातच मजुरीचा दिवस मोडतो. धान्य, चिठ्ठी की पैसा, हे त्या-त्या जागी ठरवावं लागतं, आणि ठरवताना चूल सांभाळणारी बाई त्या बैठकीत असावी लागते.

शहरातल्या गरिबीची आणखी एक बाजू आहे. गरिबाला किराणा महाग पडतो. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची साखर, वीस रुपयांची डाळ असा रोजच्या रोज माल नेणारा माणूस किलोमागे श्रीमंतापेक्षा जास्त मोजतो. मध्यमवर्गाने यावर उत्तर शोधलं होतं. मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ, महिन्याच्या सामानाची एकत्र मागणी, घाऊक खरेदी, आणि सभासदांनीच करायचं वाटप, अशी तिची रचना. हजारो घरांनी ती चालवली. अशा संघात झोपडपट्टीतली कुटुंबं येत नाहीत, कारण महिन्याचे पैसे आगाऊ भरणं त्यांना जमत नाही. अडचण एवढीच आहे. वस्तीतल्या बचत गटाला एका महिन्याच्या किराण्याइतकं फिरतं भांडवल बिनव्याजी मिळालं, तर तीस बायकांचा गट घाऊक बाजारातून डाळ-तेल आणून आपापसात वाटू शकतो आणि आठवड्याच्या हप्त्याने पैसे परत करू शकतो. हे दान नव्हे. दिवाळीत एकदा किट देणारी सोसायटी तेवढ्याच पैशांत हे भांडवल उभं करू शकते.

राज्य सरकारने दिवाळी 2022 मध्ये शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला. रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. पुढे गुढीपाडवा, गणपती असे सण त्याला जोडले गेले. सणाला गरिबाच्या घरी करंजी व्हावी ही भावना चांगली आहे, आणि ज्यांना तो मिळाला त्यांना आनंदही झाला. पहिल्याच वर्षी पुष्कळ ठिकाणी संच अपुरे आले, काही ठिकाणी दिवाळी उलटल्यावर आले. पुढे निधीच्या ओढाताणीत त्याला खीळ बसली. सणाचा शिधा सरकारच्या सवडीवर असतो. डाळ आणि तेल रेशनच्या कायद्यात आले, दरमहा आले, तर सणासाठी वेगळं काही द्यावं लागणार नाही. हीच मागणी अन्न हक्काच्या चळवळी कितीतरी वर्षं करत आहेत आणि ती मान्य होईपर्यंत ती पोकळी समाजाला भरावी लागणार आहे.

तर या दिवाळीत वाचकांना मनापासून एक विनंती. फराळ द्याच. पण वर्गणीतला अर्धा भाग बाजूला ठेवा आणि जून उजाडताच, रस्ते बंद व्हायच्या आत, तुमच्या ओळखीच्या एखाद्या संघटनेकडून किंवा बचत गटाकडून यादी मागवून घ्या: डाळ, तेल, मीठ, तिखट, गूळ, साबण. तांदूळ त्यांनी मागितला तरच पाठवा. आणि आजच, तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंना, इमारतीच्या वॉचमनना, कोपऱ्यावरच्या चांभारदादांना विचारा: रेशनकार्ड आहे का, त्यात घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, गावचं कार्ड इथे चालतं हे माहीत आहे का? नसेल तर आधारकार्डाच्या झेरॉक्स घेऊन एक दिवस त्यांच्याबरोबर शिधावाटप कार्यालयात जा. खिडकीवरून परत पाठवलं तर कारण लेखी मागा आणि पुन्हा जा. नाव चढलं की त्या माणसाच्या वाट्याला दरमहा 5 किलो धान्य येऊ लागतं.